पश्मीच्या केसांत, भिंतीच्या भेगांत

रविवारी सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात खिलार बैल घ्यायला आलेला माणूस आधी दात बघतो, मग खूर बघतो, मग बैल चार पावलं चालवून बघतो. हे सगळं होईपर्यंत त्याचा हात आपसूक शेपटीच्या मुळाशी गेलेला असतो. तिथून मांडीच्या आत, तिथून मानेखालच्या पोळीत. तोंडाने भावाची बोलणी चालू असतात आणि बोटं गोचीड शोधत असतात. माणदेशातल्या शेतकऱ्याला गोचीड कुणी शिकवावा लागत नाही. गोचिडाने दूध आटतं, वासरू खंगतं, ताप भरतो, लघवी लाल होते, हे त्याने लहानपणापासून गोठ्यात पाहिलेलं असतं.

तोच माणूस वस्तीवर परततो, दारातलं कुत्रं कान झाडताना बघतो आणि गोठ्यातलंच औषध गोठ्यातल्याच पद्धतीने त्याच्यावर ओततो. दहा-पंधरा दिवस बरे जातात आणि कुत्र्याच्या कानात पुन्हा तेवढेच गोचीड दिसतात. मग औषधाला दोष दिला जातो, नाहीतर कुत्र्याला. खरी गोष्ट अशी आहे की बैलाचा गोचीड आणि कुत्र्याचा गोचीड यांचं जगणंच वेगळं आहे. ते कळलं नाही, तर कितीही महाग औषध आणलं तरी ते पुरं पडत नाही.

बैलावर आणि गाईवर सर्रास दिसणारा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा गोचीड अंड्यातून बाहेर पडला की एकदाच जनावरावर चढतो. तिथेच रक्त पितो, तिथेच दोनदा कात टाकतो, तिथेच जोडीदार शोधतो. मादी फक्त अंडी घालायला खाली पडते. म्हणजे चढल्यापासून सलग काही आठवडे तो आपल्या हाताखाली असतो. कुत्र्याचा तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, त्याच कुळातला. पण तो तीनदा चढतो आणि तीनदा उतरतो. खसखशीच्या दाण्याएवढं, सहा पायांचं पिल्लू कुत्र्यावर चढून काही दिवस रक्त पितं आणि खाली पडतं. जमिनीवर कात टाकून ते आठ पायांचं होतं आणि पुन्हा चढतं. पोट भरलं की पुन्हा खाली, पुन्हा कात, आणि तिसऱ्या खेपेला पूर्ण वाढलेला गोचीड चढतो. प्रत्येक मुक्काम काही दिवसांचा, पूर्ण वाढलेल्या गोचिडाचा थोडा अधिक. उरलेलं सगळं आयुष्य कुत्र्यावर नाही, घरात जातं. ओसरीच्या फटीत, कट्ट्याच्या दगडांत, कुत्रं बसतं त्या पोत्याखाली आणि भिंतीत.

भिंतीची गोष्ट मी वाचली होती, पण खरी वाटली ती डोळ्यांनी बघितल्यावर. आमच्याकडे झिपरी नावाची पश्मी कुत्री होती. एका उन्हाळ्यात सलग दोन दिवस बसून तिच्या अंगावरचे गोचीड काढले. कान, बोटांच्या बेचक्या, शेपटी, काही सोडलं नाही. दोन आठवड्यांनी तिच्या कानांत पुन्हा बारके लाल-तपकिरी गोचीड होते. त्या रात्री बॅटरी घेऊन ती झोपायची तो कोपरा बघितला. जमिनीवर काहीच नव्हतं. उजेड वर नेला, तर भिंत आणि तुळई जिथे मिळतात तिथल्या भेगेत, माझ्या डोक्याच्याही वर, फुगलेल्या राखाडी माद्या ओळीने बसलेल्या होत्या. एकीच्या पुढ्यात चकचकीत तपकिरी अंड्यांचा पुंजका होता. हा गोचीड पोट भरल्यावर वर चढतो, ही त्याची सवय आहे. एक मादी हजारांनी, चार हजारांपर्यंतही अंडी घालते आणि मरून जाते. सांगोल्याच्या उन्हात आणि घरातल्या उबेत अंड्यापासून अंड्यापर्यंतचा हा सगळा फेरा दोनेक महिन्यांत पुरा होऊ शकतो. कुत्रं मिळालं नाही तरी उपाशी गोचीड भेगेत वाट बघत राहतो. पूर्ण वाढलेला तर वर्षभराहूनही अधिक.

पश्मीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लांब केसांचं कुत्रं म्हटलं की लोकांना शहरातलं पॉमेरेनियन किंवा गोल्डन रिट्रीव्हर आठवतं. आपल्याकडचं लांब केसांचं कुत्रं आहे पश्मी. अंगलट कारवानी कुत्र्याची: लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, हरणासारखे पाय. फरक केसांचा. कानांवरून, पायांच्या मागून आणि शेपटीखालून रेशमासारखे लांब केस लोंबत असतात. पश्म म्हणजे फारसीत लोकर. पश्मिना शालीतला शब्दही तोच. कारवानी कुत्र्यांनी महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर नाव कमावलं. मुधोळ हाउंड म्हणून तर 2005 साली टपाल खात्याने तिकीटही काढलं. पश्मी मात्र मागेच राहिली, याचं मला वाईट वाटतं.

गोचिडासाठी पश्मीचं अंग फार सोयीचं आहे आणि माणसासाठी फार फसवं. पाठीवरचे केस तुलनेने आखूड असतात. मालक पाठीवरून हात फिरवतो, हाताला काही लागत नाही, आणि कुत्रं स्वच्छ आहे असं समजून उठतो. गोचीड असतो तिथे हात जातच नाही: कानाच्या झालरीखाली, मांडीच्या मागच्या केसांत, शेपटीच्या मुळाशी. त्यात कुत्रं दिवसभर माळावरून भटकून आलेलं. कुसळं आणि सराटे केसांत अडकतात, त्यांच्याभोवती गुंता होतो, गुंत्याची जट होते, आणि त्या जटेखालच्या उबदार कातडीवर गोचीड निवांत राहतो. फणी तिथे पोचत नाही, औषधाचा फवाराही तिथवर जात नाही.

म्हणून शोध सुरू करायचा तो जटा सोडवण्यापासून. बोटांनी जट फोडायची, थोडं खोबरेल तेल लावून गाठ सैल करायची, आणि सुटतच नसेल तर कात्री कातडीला समांतर धरून ती जट कापून टाकायची. तेल केवळ गाठ सोडवण्यासाठी. त्याने गोचीड सुटत नाही, हे पुढे येईलच. उन्हाळा आला की कुत्र्याचं सगळं अंग भादरण्याची एक पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. सांगोल्यासारख्या उन्हात केस हे कुत्र्याच्या कातडीचं छप्पर आहे, आणि उघड्या कातडीवरही गोचीड चढतोच. बोटांच्या मधले, कानाच्या आतल्या तोंडाशी आणि शेपटीखालचे केस आखूड केले तरी पुष्कळ काम होतं.

शोध डोळ्यांनी होत नाही, बोटांनी होतो. कुत्र्याला घोंगडीवर आडवं करायचं, सकाळचं ऊन असेल अशा जागी. आधी दोन्ही हातांची बोटं पसरून केसांच्या उलट दिशेने कातडीवरून सावकाश न्यायची. घाई केली की बोटं केसांवरून सरकतात, कातडीला लागतच नाहीत. ज्वारीच्या दाण्यासारखं काही लागलं की तिथेच थांबायचं, दोन अंगठ्यांनी केसांचा भांग पाडायचा आणि बघायचं. एका वस्तीवरच्या म्हातारीने मला एकदा बघून सांगितलं होतं, “आरं, पाठ काय चाचपतोस? कान उलटा कर त्याचा आदी.” ती मेंढरं राखणारी बाई होती आणि तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. कान उलटा करून आतल्या घड्या बघायच्या, कानाच्या कडेला जी दुहेरी चुणी असते तिच्यातही नख न लावता बोट घालायचं. मग पापण्यांच्या कडा, ओठांखालच्या सुरकुत्या, गळ्यातला पट्टा काढून त्याखालची जागा, काखा, जांघा, शेपटीचं मूळ. शेवटी पाय. बोटांच्या बेचक्यांत आणि तळव्याच्या गाद्यांमध्ये गोचीड असतो तेव्हा कुत्रं तो पाय सारखं चाटत असतं, ती खूण सोडायची नाही.

जे लागेल ते सगळं गोचीड नसतं. पोटावर दोन ओळींत स्तनाग्रं असतात, नरालाही असतात, आणि ती गोचीड समजून चिमट्याने ओढल्याची उदाहरणं थोडी नाहीत. वयस्कर कुत्र्याला मस येतात, जुन्या चाव्याची गाठ राहते. ओळख सोपी आहे. गोचिडाला पाय असतात आणि ते कातडीला लागून, तोंडाच्या बाजूला असतात. भांग पाडून उजेडात नीट बघितलं की दिसतात. मस कातडीचाच असतो, कातडीतूनच वर आलेला.

फुगलेली मादी मात्र ओळखायला चुकत नाही. रिकाम्या पोटी तिळाएवढी असलेली ही मादी रक्त पिऊन राखाडी-निळसर, टपोरी होते, थेट एरंडीच्या बीसारखी. हे साम्य फार जुन्या लोकांच्याही लक्षात आलं होतं. लॅटिन भाषेत गोचिडाला ‘रिसिनस’ म्हणतात आणि एरंडाचं शास्त्रीय नावही रिसिनसच आहे, कारण बी गोचिडासारखी दिसते. आपल्या बांधावरच्या एरंडाने गोचिडाचं नाव घेतलेलं आहे. अशी मादी दिसली की तिच्या शेजारची जागा नीट बघायची. तिथे एखादा चपटा, लालसर, बारका गोचीड हमखास सापडतो. तो नर. तो फुगत नाही, म्हणून सुटून जातो.

आता काढायचं कसं. गोचीड नुसता चावत नाही, तो रुतून बसतो. त्याच्या तोंडाची सोंड मागे वळलेल्या काट्यांनी भरलेली असते आणि तिच्याभोवती तो लाळेतून सिमेंटसारखा घट्ट होणारा पदार्थ सोडतो. त्याच लाळेत जागा बधिर करणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्यंही असतात, म्हणून कुत्र्याला चावा कळत नाही. ‘गोचिडासारखा चिकटलाय’ असं आपण एखाद्याबद्दल म्हणतो, त्यामागे हे काटे आणि हे सिमेंट आहे. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा. कातडीला अगदी टेकवून, गोचिडाच्या तोंडाशी पकडायचं, पोटाला नाही. आणि झटका न देता, न पिरगळता, एका संथ ताकदीने सरळ वर ओढायचं. दोन-चार क्षण कातडी त्याच्याबरोबर उचलली जाते, मग तो सुटतो. चिमटा नसेल तर हातमोजा किंवा प्लॅस्टिकची पिशवी बोटांना गुंडाळून हेच करायचं. तोंडाचा काळा ठिपका आत राहिला तर सुईने खणत बसू नये. कातडी तो स्वतःहून बाहेर टाकते. जागेवर आयोडीन लावायचं आणि पुढच्या गोचिडाकडे वळायचं. जागेवर बारकी गाठ काही दिवस राहते, ती बघून घाबरायचं कारण नाही.

रॉकेल, तंबाखूचं पाणी, पेटती काडी, व्हॅसलीन, गोडं तेल यांतलं काहीही लावू नये. गोचिडाला श्वास फार सावकाश लागतो, तो तेलाखाली तासन्‌तास जगतो. या सगळ्या त्रासात पोटातलं रक्त आणि लाळ त्याने जखमेत उलट ओकली, तर जे टाळायचं तेच आपण घडवून आणतो. शिवाय रॉकेल कुत्रं चाटतं आणि काडीने केस पेटतात.

काढलेला गोचीड नखाखाली किंवा दगडावर चिरडण्याची आपल्याकडची सवय सोडून द्यायला हवी. त्याच्या रक्तात काय आहे हे आपल्याला माहीत नसतं, आणि आपल्या बोटांवर चिरा असतात. कुत्र्याच्या याच गोचिडामार्फत माणसाला होणारा एक पुरळाचा ताप भारतात आहे, त्याला इंडियन टिक टायफस असंच नाव पडलं आहे. झाकणाची बाटली घ्यावी, तिच्यात स्पिरिट भरावं आणि एकेक गोचीड आत टाकावा. आमच्याकडे म्हातारी माणसं ते चुलीतल्या शेणीच्या विस्तवात टाकत, तेही उत्तम. जमिनीवर टाकून पायाने घासणं मात्र नको. पोट भरलेली मादी सुटली तर भिंतीकडे जाते.

या गोचिडाने कुत्र्याचं केवळ रक्त जातं असं नाही. गोचीड रोग नेतो, हे 1893 साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबर्न यांनी गुरांच्या तापावर काम करून सिद्ध केलं. डासातला मलेरियाचा जंतू रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत दिसला तो 1897 साली, म्हणजे चार वर्षांनी. आणि गोचिडामुळे कुत्र्यांना होणाऱ्या रोगांच्या इतिहासातली काही पानं तर आपल्याच देशात लिहिली गेली. 1905 साली एस. पी. जेम्स यांनी भारतातल्या कुत्र्यांच्या पांढऱ्या पेशींत एक परजीवी पाहिला. त्याला आज हेपॅटोझून कॅनिस म्हणतात. 1910 साली पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या तांबड्या पेशींत बबेसिया गिब्सोनी शोधला. यांतल्या हेपॅटोझूनची तऱ्हा वेगळी आहे. तो चाव्यातून जात नाही. कुत्र्याने गोचीड दातांनी उपटून गिळला की पोटातून शिरतो. ‘काढेल की त्याचं तेच’ असं म्हणून कुत्र्याला स्वतःचे गोचीड खाऊ देणं किती महागात पडतं, ते यावरून समजावं.

या रोगांमधला फार बळी घेणारा आहे एर्लिकिया कॅनिस हा जीवाणू. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याची अनेक कुत्री, मुख्यतः जर्मन शेफर्ड, नाकातून रक्त वाहून मेली, ती याच रोगाने. रक्त गोठवणाऱ्या पेशी यात खूप कमी होतात. गोचीड चिकटल्यावर काही तासांतच हा जंतू कुत्र्याच्या अंगात जाऊ शकतो, म्हणून ‘रविवारी काढू’ म्हणणं बरं नाही. कुत्रं भाकरीकडे बघून तोंड फिरवतं, सावलीतून उठत नाही, अंग तापतं. ओठ उचलून हिरड्या बघाव्यात. त्या गुलाबी असायला हव्यात. पांढुरक्या दिसल्या, घोळणा फुटला, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके आले किंवा लघवी गडद झाली, तर घरी काही करत बसू नये. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं आणि रक्त तपासायला सांगावं. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चालतं, पण ते सहसा चार आठवडे द्यावं लागतं. आठव्या दिवशी कुत्रं शेपूट हलवायला लागतं आणि लोक गोळी बंद करतात. जंतू प्लीहेत दडून राहतो आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, परत येतो, तेव्हा औषधाला सहसा दाद देत नाही. अर्धवट सोडलेल्या या गोळ्यांमुळे गेलेली कुत्री आठवली की आजही जीव कळवळतो.

औषधांचं थोडक्यात. गोठ्यातलं अमिट्राझ किंवा डेल्टामेथ्रिन अंदाजाने पाण्यात मिसळून लांब केसांच्या कुत्र्यावर ओतणं धोक्याचं आहे. लांब केस ते पाणी धरून ठेवतात आणि कुत्रं दिवसभर ते चाटत राहतं. मानेच्या मागे टाकायचे थेंब वापरायचे तर केसांचा भांग पाडून थेट कातडीवर सोडावेत, केसांवर पडले तर वाया गेले. आणि त्याच्या आगेमागे दोन दिवस अंघोळ नको. फ्लुरालॅनर, अफोक्सोलॅनर यांसारख्या गोळ्या रक्तातून काम करतात, त्यामुळे केस लांब असोत की आखूड, फरक पडत नाही. म्हणून लांब केसांच्या कुत्र्याला मला त्याच बऱ्या वाटतात. कुत्र्याला झटके येत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगावं. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन आणि अमिट्राझ दारातही आणू नये. आयव्हरमेक्टिनचं गुरांचं इंजेक्शन कुत्र्याला टोचून घेण्याची चालही थांबली पाहिजे. कोलीसारख्या काही जातींमध्ये, म्हणजे चित्रपटातल्या लॅसीच्या जातीत, मेंदूला औषधापासून वाचवणारं एक जनुक बिघडलेलं असतं. त्या कुत्र्यांना हे इंजेक्शन जीवघेणं ठरतं, आणि दारातल्या संकरित कुत्र्यात कोणाचं रक्त आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही.

कुत्रं स्वच्छ झालं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं भिंतीत आहे. झिपरीच्या वेळी आम्ही कोपऱ्यातलं जुनं पोतं जाळलं, तिची चादर उकळत्या पाण्यातून काढली, सगळ्या भेगा खरवडून आधी आतले गोचीड बाटलीत घेतले आणि मग चुना-सिमेंटने भेगा लिंपल्या. तुळईच्या वरची फट सगळ्यात अवघड होती. तिथे शिडी लावून जुन्या दाताच्या ब्रशने खरवडावं लागलं. ती जागा आम्ही दर आठवड्याला बघत होतो. गावठी कोंबड्या अंगणात होत्याच, त्या कट्ट्याच्या तळाशी पडलेले गोचीड टिपायच्या. माळवदाच्या घरात, दगडी गोठ्यात भेगांना अंत नसतो, हे खरं आहे. अशा ठिकाणी कुत्र्याची झोपायची जागाच बदलावी: चार पायांची बाज, तिच्यावर धुता येईल असं अंथरूण, आणि बाज भिंतीपासून हातभर दूर.

दोन महिन्यांचा फेरा लक्षात घेऊन आम्ही कॅलेंडरवर नऊ रविवार खुणा केल्या होत्या. पहिल्या रविवारी झिपरीच्या अंगावर एकवीस गोचीड मिळाले, दुसऱ्या रविवारी चौदा. तिसऱ्या रविवारी आकडा पुन्हा वर गेला, कारण आमच्या हातून सुटलेल्या भेगेतली अंडी तेव्हा फुटली होती आणि खसखशीएवढी पिल्लं तिच्या पायांवरून चढली होती. ती चिमट्यात येत नाहीत. चिकटपट्टी उलटी करून केसांवर दाबली की तिला चिकटून येतात. सहाव्या रविवारी दोन सापडले, दोन्ही डाव्या कानाच्या चुणीत. आठव्या आणि नवव्या रविवारी काहीच नव्हतं. तोवर झिपरीला सवय झाली होती. घोंगडी अंथरलेली दिसली की ती स्वतःच येऊन आडवी व्हायची आणि आधी डावा कान वर करायची.